भाव फोनवर

डोंबिवलीतल्या कुठल्याही जुन्या सोसायटीत शिरा. गेटजवळ वॉचमनची खुर्ची, पुढे वर्षानुवर्षं जागची न हललेली कोणाची तरी स्कूटर, मग जिन्याखाली मीटरची खोली आणि तिच्या शेजारी नोटीस बोर्ड. लाकडी चौकट, आत हिरवं कापड, पुढे सरकती काच, काचेला कुलूप. कुलपाची किल्ली मागच्या सेक्रेटरींकडे, आणि मागची कमिटी व आताची कमिटी यांच्यात बोलाचाल बंद. त्यामुळे 'टाकी धुण्याचे काम असल्याने रविवारी पाणी येणार नाही' ही सूचना काचेआड जन्मठेप भोगते आहे. दमटपणानं तिची शाई इतकी फुटली आहे की कोणता रविवार ते आता कळत नाही. नव्या सूचना काचेवर बाहेरून सेलोटेपनं लागतात.

हा बोर्ड हौसेचा नाही. त्याच्यामागे महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, 1960 उभा आहे. वार्षिक सर्वसाधारण सभा 30 सप्टेंबरच्या आत घ्यायची, तिची सूचना पूर्ण 14 दिवस आधी सभासदांना द्यायची, एक प्रत बोर्डावर लावायची, असा सगळा सहकाराचा संसार या चौकटीत चालतो. उपविधी लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर ठराव, हिशेब, निवडणुका असलं काहीतरी भारदस्त असणार. त्या ठरावांच्या खांद्याला खांदा लावून 'उकडीचे मोदक ऑर्डरप्रमाणे करून मिळतील' उभं राहील, हे त्यांच्या ध्यानीमनीही नसेल.

पण बोर्डावर सर्वांत जास्त वाचला जातो तो ठराव नव्हे आणि मोदकही नव्हेत. वाचली जाते थकबाकीदारांची यादी. कोणत्या फ्लॅटचा किती महिन्यांचा मेंटेनन्स थकला आहे, हे कळण्यात जे सुख आहे ते दिवाळी अंकात नाही. मात्र ते उघडपणे घेता येत नाही. आपण यादीपुढे उभे आणि यादीतला माणूस जिन्यावरून खाली उतरतोय, अशी वेळ आली की नजर सरकवायला शेजारी एखादा कागद लागतो. म्हणून ज्यांना धंद्यातलं कळतं ते आपली जाहिरात नेमकी यादीच्या उजव्या अंगाला लावतात. आमच्या इमारतीतले एक निवृत्त बँक अधिकारी असेच आकड्यांची मनातल्या मनात बेरीज करताना सापडले.

"काय वाचताय काका?"

"काही नाही रे, हे मोदक बघत होतो."

"मग घ्या की! आमची ही सांगत होती, फार सुरेख करतात म्हणून."

यादीतल्या त्या गृहस्थानं खिशातलं पेन काढून काकांच्या हातात दिलं, आणि नंबर टिपून घेईपर्यंत तो समोरून हलला नाही. काकांना 21 मोदक सांगावे लागले. मधुमेह असताना. मोदकवाल्या वहिनींना अजून वाटतं की ऑर्डर कागदाच्या वरच्या कोपऱ्यातल्या गणपतीनं आणली.

त्या गणपतीचाही इतिहास आहे. बोर्डावरची जाहिरात घरी लिहिली जात नाही, ती स्टेशनजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात जन्माला येते. तिथं कॉम्प्युटरवर बसलेला मुलगा लग्नपत्रिका, भाडेकरार, स्थळाचा बायोडेटा आणि तेराव्याचं निमंत्रण एकाच निर्विकार चेहऱ्यानं टाइप करतो. त्याचा पहिला प्रश्न, "वर काय टाकू? गणपती की साईबाबा?" दुसरा प्रश्न, "खुशखबर टाकू ना?" हा प्रश्न नसतो, त्यानं टाकलेलं असतं. तीनदा. खुशखबर, खुशखबर, खुशखबर, आणि प्रत्येकीपुढे तीन उद्गारचिन्हं. त्याखाली पदार्थांची यादी. पुरणपोळी, गूळपोळी, तेलपोळी, चकली, चिवडा, अनारसे, मेतकूट, थालीपिठाची भाजणी, उपवासाची भाजणी, रुखवताचे जिन्नस. यादी संपत आली की कागदावर बोटभर जागा उरते. रिकामी जागा पाहून आमच्याकडच्या माणसाचा जीव तुटतो, कारण कागदाचे पैसे पूर्ण दिलेले असतात. मग तिथं 'तसेच साडीला फॉल-पिको करून मिळेल' येतं. तरीही कोपरा उरलाच तर पहिली ते चौथीच्या शिकवण्या.

चित्राच्या बाबतीत तो मुलगा कोणाचं ऐकत नाही. पहाटे पाचला उठून, गाउनवर नॅपकिन टाकून, पुरण वाटणाऱ्या बाईच्या जाहिरातीवर तो पांढऱ्या उंच टोपीचा, पिळदार मिशांचा आचारी बसवतो. शेजारी थाळीचा फोटो. त्यात पनीर, नान आणि लांबट हिरवी मिरची. गेल्या गौरी-गणपतीत एका बाईंनी विचारलं, "यात पुरणपोळी कुठंय?" तो म्हणाला, "काकू, इंटरनेटवर चांगली पुरणपोळी येत नाही." यावर काकू काय बोलणार? धंदा त्यांचा त्याच वाक्यावर उभा होता.

कागदावर आता बहुतेक सगळं आलं. फोन नंबर दोन आले, त्यातला एक बंद असलेला. 'आमची कोठेही शाखा नाही' हेही आलं. वन बीएचकेच्या ओट्यावर चालणाऱ्या उद्योगाची शाखा निघायची झाली तर ती बाल्कनीतच निघेल, तरीही आलं. राहिली फक्त एक गोष्ट. भाव.

भाव कुठेच नसतो. 'योग्य दरात' असतं, 'माफक दरात' असतं, 'अल्प दरात' असतं, आणि फारच स्पष्टवक्तं कोणी असेल तर 'भाव फोनवर'. मराठी माणसाला धंद्याची लाज वाटते, हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलो आहे आणि ते मला साफ खोटं वाटतं. धंद्याची लाज असती तर बोर्डावर एवढे कागद आले नसते. लाज वाटते ती पैसे मागण्याची. लाटणं धरताना हात थरथरत नाही, 'किलोला सहाशे' लिहिताना थरथरतो. शेजारी काय म्हणतील? दुसऱ्या मजल्यावरच्यांनी गेल्या वर्षी हळदीकुंकवाला डिंकाचे लाडू फुकट दिले होते, त्यांना आता लाडवाचा भाव वाचायला लावायचा? त्यापेक्षा फोन येऊ दे, बघू.

आणि फोन येतो. असा एक फोन मी घरच्याच खोलीत बसून, वर्तमानपत्र तोंडापुढे धरून, पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकला आहे. आमच्याकडून चकलीची चौकशी चालली होती.

"वहिनी, चकली कशी दिलीत?"

"अहो, तुम्हाला काय सांगायचं? घरचेच तुम्ही."

"तरी पण?"

"किती हव्यात?"

"भाव कळला की सांगते ना."

"माणसं किती आहेत घरात?"

"चौघं. पण दिवाळीला नणंद येणार आहे."

"मग एक किलो पुरे. नणंद किती दिवस आहे?"

इथून बोलणं नणंदेकडे वळलं. नणंदेच्या मुलाचं ॲडमिशन, तिच्या सासूबाईंचा गुडघा आणि त्या गुडघ्यावर इलाज करणारे ठाण्याचे डॉक्टर आटोपल्यावर फोन खाली ठेवला गेला. एक किलो चकली ठरली होती. भाव ठरला नव्हता. तो दिवाळी झाल्यावर, डबा परत करताना, दारात उभ्यानं, "राहू द्या हो", "असं कसं, असं कसं" या झटापटीत ठरला. डब्यात आमच्याकडून परतीची साखर गेली, म्हणून वहिनींनी पन्नास रुपये कमी घेतले. हा व्यवहार कोणत्या वहीत कसा लिहायचा, हे कोणा सीएनं मला सांगावं.

याच इमारतीच्या गेटबाहेर एक भाजीवाली बसते. तिच्याकडे ना बोर्ड, ना गणपती, ना खुशखबर. ती एकच गोष्ट बोलते, आणि ती म्हणजे भाव. 'वीसला जुडी.' मेथी ताजी आहे का, घरगुती आहे का, तिची कोठे शाखा आहे का, याबद्दल चकार शब्द नाही. दहा वाजेपर्यंत तिची पाटी रिकामी.

बोर्डावरच्या काकूंना हे सुचवून पाहिलं की त्या लिज्जतचं नाव घेतात. घरातून धंदा करणाऱ्या प्रत्येक बाईच्या तोंडी लिज्जत असतंच. आता लिज्जतची गोष्ट पाहा. 1959 साली गिरगावातल्या लोहाणा निवासाच्या गच्चीवर सात बायकांनी 80 रुपये उसने घेऊन पापड लाटायला घेतले. पहिल्या दिवशी चार पाकिटं झाली, ती भुलेश्वरातल्या ओळखीच्या एका व्यापाऱ्याला विकली. तोटा झाला तरी देणगी म्हणून कोणाकडून काही घ्यायचं नाही आणि हिशेब चोख ठेवायचा, हे त्यांनी सुरुवातीलाच ठरवून टाकलं. पहिल्या वर्षाची विक्री 6,196 रुपये झाली, हा आकडा इतक्या वर्षांनीही सांगता येतो, तो त्या चोख हिशेबामुळेच. त्या सात जणींनी व्यापाऱ्याला "तुम्हाला काय सांगायचं, घरचेच तुम्ही" म्हटलं असतं, तर तो चार पाकिटं घरी घेऊन गेला असता आणि तळून खाल्ली असती.

पैसे न मागता पैसे मागण्याची आमची दुसरी युक्ती म्हणजे शुभेच्छा. गुढीपाडव्याची नववर्ष स्वागतयात्रा 1999 मध्ये डोंबिवलीत सुरू झाली आणि मग गावोगावी गेली, याचा आम्हाला रास्त अभिमान आहे. त्या आठवड्यात फडके रोडच्या आसपास उभं राहून वर बघावं. केटरर, वधूवर सूचक मंडळ, पेस्ट कंट्रोल, दातांचा दवाखाना, सगळे आपल्याला हार्दिक शुभेच्छा देत असतात. खाली 'शुभेच्छुक' म्हणून दुकानाचं नाव आणि मालकाचा काळा चष्मा घातलेला फोटो. झुरळं मारून देतो असं सणासुदीला कसं म्हणायचं? म्हणून नववर्ष सुखाचं जावो म्हणायचं, झुरळांचं ज्याचं त्यानं समजून घ्यायचं.

सोसायटीच्या बोर्डाला मात्र फ्लेक्सएवढी ऐसपैस जागा नाही, तिथं ऋतूप्रमाणे पाळीपाळीनं यावं लागतं. मार्चमध्ये पापड-कुरडया, जूनमध्ये शिकवण्या, श्रावणात मोदक आणि शाडूच्या मूर्तींचं बुकिंग, आश्विनात फराळ. एप्रिल-मे हा काळ वेगळा. तेव्हा बोर्डावर दुसरं काही दिसतच नाही. इमारतीत जितके फ्लॅट तितके आंब्याचे व्यापारी. प्रत्येकाचा आंबा थेट बागेतून आलेला, आणि प्रत्येकाची बाग मेहुण्याची. हापूसला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्यात रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर हे पाच जिल्हे आहेत. बोर्डावरच्या जाहिराती खऱ्या मानल्या तर एकट्या देवगडात मेहुण्यांनाच उभं राहायला जागा उरणार नाही, झाडं तर लांबच. माझं एक निरीक्षण आहे. ज्याच्या पेटीत कर्नाटकातला आंबा निघतो, त्याच्या जाहिरातीत 'अस्सल' हा शब्द सर्वांत मोठ्या टायपात असतो.

मासळीची जाहिरात हा नाजूक विषय. आमच्याकडे एका मालवणी घरानं 'शनिवार-रविवार सुरमई थाळी, आदल्या दिवशी सांगावे' असा कागद लावला. दुसऱ्या दिवशी तो खाली सरकला होता, तिसऱ्या दिवशी मीटरच्या खोलीच्या दारावर गेला होता. काढला कोणी नव्हता, फक्त तो हळूहळू प्रवास करत होता. श्रावण लागला तेव्हा तो मोटरच्या स्विचवर 'ओले हात लावू नयेत' या सूचनेखाली विसावला. गंमत अशी की थाळीच्या ऑर्डरी तेवढ्यात वाढल्या. कागद हलवणाऱ्यांनीच पत्ता नीट वाचून ठेवला होता, आणि पार्सल रात्री साडेनऊनंतर, लिफ्टनं न नेता जिन्यानं जात होतं, असं वॉचमन सांगतो.

हल्ली कागदाच्या खालच्या कडेला उभ्या पट्ट्या कापून प्रत्येकीवर फोन नंबर छापतात. ज्याला हवा त्यानं फाडून न्यावा. कल्पना चांगली आहे, पण पहिली पट्टी कोणी फाडत नाही. मुहूर्त करायचा कोणी? योगवर्ग घेणाऱ्या एका ताईंचा कागद आठवडाभर जसाच्या तसा होता. मग त्यांनी रात्री येऊन स्वतःच तीन पट्ट्या फाडल्या. पहिली, चौथी आणि पाचवी, म्हणजे वेगवेगळ्या माणसांनी फाडल्यासारखं दिसावं. सकाळी लोकांना वाटलं, वर्ग भरत आला. दुपारपर्यंत आणखी चार गेल्या. उरलेल्या तळमजल्यावरच्या एका पोरानं होडीसाठी नेल्या.

रस्त्यावरच्या खांबाची तऱ्हा निराळी. महाराष्ट्र मालमत्ता विद्रूपण प्रतिबंध अधिनियम, 1995 नुसार लोकांच्या नजरेसमोरच्या मालमत्तेवर परवानगीशिवाय जाहिरात चिकटवली तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 2,000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. तरी विजेचा खांब रिकामा दिसत नाही. घरबसल्या कमवा, पेइंग गेस्ट पाहिजेत, मूळव्याधीवर हमखास इलाज. गुन्हेगारानं गुन्ह्याच्या जागी स्वतःचं नाव, पत्ता, फोन नंबर आणि भेटण्याची वेळ मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावी, असा हा बहुधा एकमेव गुन्हा असेल. पोलिसांना काही तपास करायचा राहतच नाही, म्हणूनच की काय, ते तो करत नाहीत.

यापासून बोध घेऊन आमच्या कमिटीनं बोर्डावरच्या जाहिरातींना शुल्क लावायचं ठरवलं. महिना शंभर रुपये. लगेच प्रश्न आला, जाहिरात कशाला म्हणायचं? मोदक ही जाहिरात की धार्मिक सेवा? योगवर्ग हा आरोग्याचा प्रचार, तो फुकट हवा. शिकवणी हे विद्यादान. आंबेवाले म्हणाले, आम्ही विकतच नाही, ना नफा ना तोटा. शेवटी इमारतीत धंदा करणारं कोणीच नाही असं सर्वानुमते निष्पन्न झालं, आणि शंभर रुपये भरायला निघाली ती फक्त मालवणी वहिनी. तिनं पैसे टेबलावर ठेवून पावती मागितली. पावतीपुस्तक मागच्या सेक्रेटरींकडे होतं.

व्हॉट्सॲपच्या ग्रुपमुळे बोर्ड मरेल असं मध्यंतरी बोललं जात होतं. तसं झालं नाही. ग्रुपवर सकाळी टाकलेली चकली नऊ वाजेपर्यंत गुलाबाच्या फुलांखाली आणि सुविचारांखाली गाडली जाते. बोर्डावरचा कागद निदान पुढच्या टाकी धुण्यापर्यंत टिकतो.

तरीही खरी विक्री कागद करत नाही. कागद वाचून झाला की माणूस चार पावलं मागे येतो आणि वॉचमनला विचारतो, "हे पोळीवाले कोण रे?" तो खुर्चीतून न उठता सांगतो, "बी विंग, तीन सौ दो. अच्छा बनाती है, साब." एवढ्यावर ऑर्डर जाते. हा दाखला त्याला चवीवरून देता येतो, कारण बी विंगच्या बाई पहिल्या घाण्यातल्या दोन पोळ्या तूप लावून त्याला खाली पाठवतात. ज्यांच्याकडून पोळी येत नाही त्यांच्याबद्दल तो "मालूम नहीं" म्हणतो, आणि तेवढ्यानं धंदा बसतो. जाहिरातीचा सगळा खर्च मांडला तर टाइप करण्याचे पैसे, दोन झेरॉक्स, सेलोटेप आणि या दोन पोळ्या. पहिल्या तीन गोष्टी वाचवता येतील, चौथी नाही. आणि बोर्डाला मिळत नाही ती एक गोष्ट वॉचमनला ठाऊक असते. "पच्चीस का एक," तो आपणहून सांगतो. इमारतीतला पोळीचा भाव मोठ्यानं उच्चारू शकणारा तो एकटाच, कारण तो कोणाचा घरचा नाही.

तेव्हा गणपती आता आले आहेत, बोर्डावर कागद लागायला लागतील. लावणाऱ्या वहिनींना, काकूंना आणि ताईंना एक विनंती. खुशखबर एकदाच लिहा, मिशावाला आचारी काढून टाका, आणि त्याच्या जागी मोदकाचा भाव लिहा, आकड्यात, ठळक. आम्ही कागदापुढे उभं राहून 'बाप रे' म्हणू, ते मनाला लावून घेऊ नका. ऑर्डर देऊ. आणि डबा परत करताना दारात "राहू द्या हो" म्हणू नका. पैसे घ्या.